शाह-ए-झिंदा : समरकंदच्या मकबऱ्यांच्या गल्लीत कसं जावं, कुठून सुरू करावं आणि काय चुकतं

उझबेकिस्तानातल्या समरकंदला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण शाह-ए-झिंदाला जातो, आणि बहुतेक जण ते चुकीच्या क्रमाने पाहून परततात. दाराशी गर्दी, जिन्यावर फोटो, वरच्या निळ्या गल्लीत दहा-वीस फोटो, मग टोक आलं म्हणून मागे फिरायचं. सहलीच्या गटांना इथे साधारण पाऊण तास मिळतो आणि तो असाच संपतो. ज्या कबरीमुळे ही सगळी जागा उभी राहिली तिचं दार उजव्या हाताला राहून जातं. ज्या मकबऱ्याचं छत मान वर करून दहा मिनिटं पाहावं, त्याच्या उंबऱ्यावरूनच माणसं परत फिरतात.

इतिहास कुठेही वाचायला मिळेल. इथे तयारी, क्रम आणि चुका एवढंच आहे. क्रमाचं सूत्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलं आहे : चढताना थांबू नका. आधी थेट वरच्या टोकाला जा, आणि पाहायचं ते उतरताना पाहा. याची कारणं पुढे येतीलच.

## टप्पा १ : निघण्यापूर्वीची कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर उझबेकिस्तानसाठी ई-व्हिसा लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळं पुष्कळ आहेत. मंजुरी काही कामाच्या दिवसांत येते, पण शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणून प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज करा. पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. पासपोर्टवर ते ज्या रकान्यात आहे, अर्जातही त्याच रकान्यात लिहा.

देशात पोहोचल्यावर तीन दिवसांच्या आत परदेशी माणसाची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलं ती आपणहून करतात. कुणा ओळखीच्यांच्या घरी उतरणार असाल तर ते काम यजमानांना करावं लागतं, तेव्हा त्यांना आधी आठवण करा. हॉटेल सोडताना नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या आणि पासपोर्टातच ठेवा.

चलन सोम. नोटांवरचे आकडे हजारांत आणि लाखांत असल्याने पहिल्या दिवशी गोंधळ होतो. रुपये बदलून मिळण्याच्या भरवशावर राहू नका, डॉलर न्या. नोटा कोऱ्या हव्यात : घडी, शाईचा डाग किंवा फाटका कोपरा असलेली नोट बँकेच्या खिडकीवरून परत येऊ शकते. तिकीट, टॅक्सी आणि दानपेटीसाठी सुट्या सोमांची एक वेगळी पुडी करून ठेवा.

तीन गोष्टी घरूनच तपासा :

- टॅक्सीसाठी तिथे यांडेक्स गो हे ॲप चालतं. ते भारतात असतानाच फोनवर घ्या आणि नंबर पडताळून ठेवा. तिथे पोहोचून सिम बदललं की भारतीय नंबरवर येणारा कोड मिळत नाही.
- झोपेच्या, मानसिक आजारांवरच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. या औषधांबाबत तिथले नियम कडक आहेत.
- ड्रोन नेऊ नका. परवान्याशिवाय तो देशात आणायलाच मनाई आहे, आणि विमानतळावर तो काढून घेतला जातो.

## टप्पा २ : समरकंदला पोहोचणं

दिल्लीहून ताश्कंदला थेट विमानं आहेत, उड्डाण साधारण तीन तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. ताश्कंदहून समरकंदला 'अफ्रोसियोब' ही वेगवान रेल्वे सव्वादोन तासांच्या आत पोहोचवते, 'शर्क' गाडीला आणखी तासभर-दीड तास लागतो. अफ्रोसियोबची तिकिटं हंगामात फार लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की पहिलं काम तेच.

तपासा : ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी रेल्वे स्थानकं आहेत. तिकिटावर कोणतं लिहिलं आहे ते पाहूनच टॅक्सी बोलवा. स्थानकाच्या आवारात शिरताना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि सामान तपासलं जातं, तेव्हा गाडीच्या किमान पाऊण तास आधी पोहोचा.

ताश्कंदहून सकाळी निघून रात्री परत, असा एका दिवसाचा बेत पुष्कळ जण करतात. तो टाळा. त्यात शाह-ए-झिंदा नेमकं भर दुपारी वाट्याला येतं, आणि ती या जागेची सर्वांत वाईट वेळ. समरकंदला किमान एक रात्र, शक्य तर दोन रात्री राहा.

महिने एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैत पारा पस्तिशीच्या वर जातो आणि विटांची ती गल्ली भट्टीसारखी तापते. हिवाळ्यात तापमान शून्याखाली जातं. गर्दी नसते, पण जिन्यावर बर्फ धरतो, म्हणून रबरी तळाचे, पकड असलेले बूट हवेत. २१ मार्चच्या नवरोझच्या आसपास स्थानिक लोक मोठ्या संख्येने इथे येतात. तेव्हा शांतपणे पाहणं जमत नाही, पण झियारत, म्हणजे पवित्र कबरीचं दर्शन, काय असते ते मात्र खऱ्या अर्थाने कळतं.

## टप्पा ३ : कपडे, जोडे आणि झोळी

ही जिवंत श्रद्धेची जागा आहे. कुसाम इब्न अब्बास हे प्रेषित मुहंमदांचे चुलतभाऊ. त्यांची कबर इथे असल्याची श्रद्धा आहे आणि 'शाह-ए-झिंदा', म्हणजे जिवंत राजा, हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. लोक इथे सहलीला नव्हे, झियारतीला येतात. कपडे त्या मानाने हवेत.

बायकांसाठी आपला साधा पंजाबी ड्रेस किंवा पायघोळ कुर्ता उत्तम, आणि डोक्यावर ओढणी. साडीत अडचण काहीच नाही, फक्त जिना उंच आहे आणि वरच्या काही दारांचे उंबरे ठेच लागण्याजोगे, म्हणून निऱ्या किंचित वर खोचा. पुरुषांनी पूर्ण पँट घालावी, अर्ध्या चड्ड्या नकोत. टोपी सक्तीची नाही.

जोडे चटकन काढता-घालता येणारे हवेत. सगळीकडे काढावे लागत नाहीत. नियम सोपा : जमिनीवर गालिचा अंथरलेला असेल किंवा दाराशी जोडे दिसले, तर आपलेही काढा. मोजे घालून जा, फरशी सकाळी गार असते.

झोळीत पाण्याची बाटली, सोमांची पुडी, आणि असली तर छोटी दुर्बीण. दुर्बिणीला लोक हसतात, पण घुमटाच्या आतली कलाकुसर सात-आठ मीटर वर असते आणि नुसत्या डोळ्यांना तिची निम्मीच दिसते. फोनचा झूम अंधारात त्या कामाला येत नाही. तिपाई आणू नका, गल्ली अरुंद आहे. मोठी पाठपिशवीही हॉटेलवर ठेवा : आतल्या खोल्यांत वळताना ती भिंतीवरच्या सहाशे वर्षांच्या टाइलला घासते, आणि नेणाऱ्याला ते कळतही नाही.

## टप्पा ४ : वेळ ठरवणं, म्हणजेच ऊन ठरवणं

हे नीट समजून घ्या, फोटो काढणार नसाल तरीही.

ही गल्ली दक्षिणेकडून उत्तरेकडे, अफ्रासियाब टेकडीच्या उतारावर चढत जाते. प्रवेशद्वार दक्षिणेला खाली, शेवट उत्तरेला वर. मकबरे दोन्ही बाजूंना समोरासमोर. आत शिरताना तुमच्या डाव्या हाताची बाजू पश्चिमेची. तिथल्या दर्शनी कमानी पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे त्यांच्यावर ऊन सकाळी पडतं. उजव्या हाताच्या कमानींवर ते दुपारनंतर येतं. गल्ली अरुंद आणि भिंती उंच असल्याने सूर्य अगदी खाली असताना खालच्या भागात ऊन पोहोचतच नाही. म्हणून सूर्योदयाचा हट्ट इथे फळत नाही. डाव्या बाजूसाठी साधारण नऊ ते अकरा, उजव्या बाजूसाठी तीन ते पाच.

एकच फेरी शक्य असेल तर सकाळी, दार उघडताच. गट साधारण दहाच्या सुमाराला येऊ लागतात, त्यामुळे तोवर वरचा भाग तुमच्या वाट्याला निवांत येतो. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या. शुक्रवार आणि रविवार टाळता आले तर टाळा.

वेळ किती ठेवायचा? अडीच तास. दोनपेक्षा कमी असेल तर खाली सांगितलेला क्रम तसाच ठेवून फक्त शेवटचा भाग गाळा.

## टप्पा ५ : रेगिस्तानपासून दारापर्यंत

शहराच्या मुख्य, रेगिस्तान नावाच्या चौकातून पादचारी रस्त्याने बीबी खानम मशिदीकडे चालत निघा. तिथून सियोब बाजाराला वळसा घालून, मोठ्या रस्त्यावरचा पादचारी पूल ओलांडला की समोर हझरत खिझर मशीद. उझबेकिस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव्ह यांचा मकबरा तिच्याच आवारात आहे. तिथून रस्त्याने पुढे थोडं चालल्यावर शाह-ए-झिंदाचं दार डाव्या हाताला लागतं. सगळं मिळून अर्धा तास.

टॅक्सीवाल्याला 'शाह-ए-झिंदा' म्हटलंत तर तो क्षणभर थांबेल. उझबेक उच्चारात आपला 'आ' बऱ्याच ठिकाणी 'ओ' होतो : 'शोही झिंदा' म्हणा. हे लक्षात ठेवलंत की आतल्या पाट्याही उलगडतात. पुस्तकात वाचलेली 'शादी मुल्क आका' पाटीवर 'शोदी मुल्क ओको' होते, 'अब्बास'चं 'अब्बोस' होतं. यातली 'आका' ही खानदानी स्त्रियांच्या नावापुढची आदराची उपाधी आहे. आजच्या उझबेकमध्ये त्याच्यासारखाच शब्द थोरल्या भावाला वापरतात, म्हणून ही पुरुषांची नावं आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात या गल्लीतले सर्वांत देखणे मकबरे बायकांचे आहेत.

सावधान : नकाशावर वरच्या अंगाला टेकडीवरची दफनभूमी दिसते आणि तिथून 'मागच्या वाटेने' आत उतरता येईल असं वाटतं. तसं करू नका. ती आजही वापरातली दफनभूमी आहे, लोकांची माणसं तिथे पुरलेली आहेत. काळ्या दगडावर चेहरे कोरलेल्या त्या कबरींचे फोटो काढणं आणि त्यांच्यावर टेकून बसणंही टाळा.

## टप्पा ६ : दार आणि जिना

तिकीट प्रवेशद्वारापाशी मिळतं. परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा जास्त असतो, त्यावर वाद घालू नका. तिकीट शेवटपर्यंत जवळ ठेवा.

दाराची भव्य कमान तैमूरलंगाचा नातू उलुग बेग याच्या काळातली, १४३४-३५ ची. आत आल्यावर डावीकडे मशीद, उजवीकडे एकोणिसाव्या शतकातला छोटा मदरसा. इथे आत्ता थांबू नका, शेवटी परत इथेच यायचं आहे.

समोर उंच जिना. स्थानिक समजूत अशी, की चढताना आणि उतरताना पायऱ्या मोजाव्यात. दोन्ही आकडे जुळले तर मनातलं खरं होतं. नेहमी सांगितला जाणारा आकडा ३६. लोक ओठ हलवत मोजत चढत असतात, तेव्हा त्यांच्या मध्ये उभं राहून फोटो काढला की त्यांची मोजणी मोडते. जिन्यावर न थांबण्याचं हे एक कारण. दुसरं असं, की पायऱ्या उंच आहेत आणि वरून उतरणाऱ्या माणसाला मध्ये थांबलेलं माणूस ऐन वेळी दिसतं.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी भिंतीच्या कडेने, एका दमात पाच-सहा पायऱ्या असं चढावं. लिफ्ट नाही, आणि चाकाची खुर्ची उचलून नेल्याशिवाय वर जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगा. दाराशी पोहोचून कळलं की त्यांना उगाच अपराधी वाटतं.

## टप्पा ७ : थेट वर, कुसाम इब्न अब्बास यांच्या दारात

जिना संपल्यावर दुसऱ्या कमानीतून गल्लीत शिराल. दोन्ही बाजूंना निळाई उसळलेली असेल आणि पाय आपोआप अडखळतील. तरीही चालत राहा. मधला टप्पा ओलांडून तिसऱ्या घुमटी कमानीपाशी पोहोचा. तिच्या उजव्या हाताला एक कोरीव लाकडी दार आहे, १४०४-०५ चं. सर्वाधिक चुकतं ते इथेच : दार बाजूला आहे, साधं दिसतं, आणि समोर वरच्या चौकातली रंगीत कमान बोलावत असते. माणसं सरळ निघून जातात.

आधी इथेच का यायचं? आतली झियारतीची खोली लहान आहे. दहा वाजल्यानंतर तिथे उभं राहायलाही जागा नसते, आणि तेव्हा आपण तिथल्या प्रार्थनेत अडथळा होतो.

आत शिरल्यावर बोळ अंधारा लागतो. मिनिटभर डोळे सरावू द्या, मगच पुढे चला. वाटेत मशीद आहे, आणि अकराव्या शतकातला मनोराही याच भागात. इथल्या उभ्या बांधकामांत तो सर्वांत जुन्यांपैकी. पुढे झियारतखाना. कबरीच्या खोलीत स्वतः जाता येत नाही, लाकडी जाळीतून ती दिसते : पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळती होत गेलेली, रंगीत झिलईच्या टाइलांनी मढवलेली. जाळीला चिकटून उभं न राहता एका बाजूने पाहा आणि जागा सोडा.

बाकावर माणसं बसलेली असतात आणि कुणी एक जण कुराणातला भाग म्हणत असतो. पठण सुरू असताना आलात तर बसा किंवा भिंतीशी स्तब्ध राहा, मधूनच उठून जाऊ नका. पाच मिनिटांत संपतं. शेवटी सगळे ओंजळ उघडी धरतात, 'ओमीन' म्हणतात आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवतात. तुम्ही तसं केलं नाही तरी कुणी बोलत नाही. नुसते हात जोडून मान लववली तरी भाव पोहोचतो. फोन पिशवीत ठेवा.

आपल्याकडच्या सवयी इथे आणू नका. हाजी मलंग किंवा हाजी अलीच्या दर्ग्यात जाणाऱ्या मराठी माणसाला चादर, फुलं, ऊद, मन्नतीचा दोरा हे सगळं सहज वाटतं. उझबेकिस्तानातल्या मजारींवर ते चालत नाही. कबरीला किंवा दाराला ओठ टेकणं, डोकं टेकणं, प्रदक्षिणा घालणं, दोरा किंवा चिंधी बांधणं, मेणबत्ती लावणं, या गोष्टींपासून तिथे लोकांना परावृत्त केलं जातं. अपमान करण्याचा हेतू नसतो, पण आपला नमस्कार तिथे गैरसमजाचा विषय होतो. द्यायचं असेल तर दानपेटीत नोट टाका.

तीन शब्द पुरतात : भेटताना 'अस्सलोमु अलैकुम' आणि उजवा हात छातीवर, काही हवं असेल तर 'मुम्किनमी?' (चालेल का?), आणि शेवटी 'रहमत' (आभार). कुणाचाही, विशेषतः आजीबाईंचा, फोटो काढण्याआधी 'मुम्किनमी?' विचाराच. बहुधा हसून होकार मिळतो.

## टप्पा ८ : वरचा चौक

बाहेर येऊन उजवीकडे वळा, गल्ली एका बंद चौकात संपते. समोर खोजा अहमद यांचा मकबरा, उजवीकडे १३६१ च्या सुमाराचा आणखी एक, डावीकडे तैमूरची राणी तुमान आका हिचा मकबरा आणि मशीद, १४०५ च्या आसपासची.

आता उतरत पाहण्याचं दुसरं कारण : कबर वर होती आणि लोकांनी तिच्या आसपास, मग हळूहळू खाली बांधत नेलं. त्यामुळे वरून खाली येताना तुम्ही काळाच्या ओघानेच चालता. वरच्या चौकात १३६० च्या आसपासचं काम, मधल्या गल्लीत १३७२ ते १३८६ चं, खाली पंधराव्या शतकातलं. तुमान आकाचा मकबरा या ओळीला अपवाद, पण तो अपवाद उपयोगी आहे : जुनं आणि नवं तंत्र एकाच चौकात समोरासमोर दिसतं. खालून वर पाहत गेलात तर हा क्रम उलटा होतो आणि 'सगळं निळंच आहे' एवढंच लक्षात राहतं.

इथे दहा मिनिटं थांबून डोळ्यांना तीन तंत्रं ओळखायला शिकवा. पुढचा सगळा रस्ता त्यामुळे बदलतो.

१. कोरीव झिलईची माती. नक्षी भाजण्याआधीच कोरलेली, वर नीलमण्यासारखी झिलई. कडेने पाहिलं तर बोटभर खोली दिसते, सावल्या पडतात. खोजा अहमद आणि शेजारचा मकबरा यात मोडतात.

२. कापकाम. प्रत्येक रंगाची वेगळी टाइल भाजून, तिचे तुकडे कापून जुळवलेले. पृष्ठभाग सपाट, पण रंग बदलतो तिथे बारीक सांधा दिसतो. तुमान आकाच्या कमानीवर हे शोधा. बीदरला महमूद गवानच्या मदरशावर उरलेलं रंगीत टाइलकाम ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना इथे ओळखीचं काहीतरी भेटेल.

३. बहुरंगी टाइल. एकाच चौकोनी टाइलवर अनेक रंग रंगवून भाजलेले. इथे सांधे नक्षीप्रमाणे जात नाहीत, सरळ चौकोनात जातात. हे पुढे मधल्या गल्लीत भेटेल.

तपासा : सांधा नक्षीच्या कडेने जातो की नक्षीला कापत जातो? एवढा एक प्रश्न विचारला तरी दुसरं आणि तिसरं तंत्र वेगळं काढता येतं.

बोट लावून पाहू नका. हाताचं तेल आणि घाम झिलईच्या बारीक तड्यांत शिरतो, आणि जिथे रोज शेकडो हात लागतात तिथली कड आधी सुटते.

## टप्पा ९ : मधली गल्ली, इथे वेळ घालवा

उतरताना डावी-उजवी बाजू उलटते. आता पश्चिमेची, सकाळच्या उन्हाची बाजू तुमच्या उजव्या हाताला आहे.

आधी उजव्या हाताला उस्ताद अली नसफी यांच्या नावाने ओळखला जाणारा मकबरा लागतो. नाव पुरलेल्या व्यक्तीचं नाही, कारागिराचं आहे. कमानीवरची बहुरंगी टाइल आणि भौमितिक नक्षी पाहून पुढे चला.

जिन्याच्या अलीकडे चार मकबऱ्यांचा घोळका आहे. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण इथला अर्धा तास सोडू नका.

शादी मुल्क आका (१३७२), उजव्या हाताला. तैमूरच्या भाचीचा मकबरा. तिच्या आईने, तुर्कान आकाने, तो लेकीसाठी बांधला, आणि पुढे आईलाही तिच्याच शेजारी पुरलं. म्हणून काही पाट्यांवर आणि पुस्तकांत तो तुर्कान आकाच्या नावाने येतो. मकबरे दोन नाहीत, एकच. दर्शनी कमान पाहून इथून परत फिरणं ही या जागेतली सर्वांत मोठी चूक. आत जा, खोलीच्या मध्याच्या थोडं अलीकडे उभे राहा आणि वर पाहा. घुमट आठ कण्यांनी विभागलेला आहे, प्रत्येक भागात थेंबाच्या आकाराचं पदक आणि त्यात ताऱ्यांसारख्या आकृत्या. भिंतींपासून घुमटापर्यंत सगळं टाइलने मढवलेलं. दुर्बीण इथेच काढायची. बाहेरच्या कमानीच्या कोरीव मातीत पांढरा, फिकट निळा आणि गर्द निळा वेगळा करून पाहा. या जागेतलं मूळ काम इथे बरंच शिल्लक आहे.

शिरीन बिका आका (१३८५-८६), समोर, डाव्या हाताला. तैमूरची बहीण. बाहेर कापकाम, म्हणजे समोरच्यापेक्षा वेगळं तंत्र, आणि मध्ये तेरा-चौदा वर्षांचंच अंतर. दोघींच्या मध्ये उभं राहून मान इकडून तिकडे वळवा. जे कळायचं ते तेवढ्यात कळतं. घुमटाखालचा गळा, म्हणजे घुमट ज्यावर बसतो तो उभा भाग, सोळा बाजूंचा आहे, तो पाहायला गल्लीत चार पावलं मागे सरा. आत भिंतींवर निळ्या रंगात झाडं आणि निसर्गदृश्यं रंगवलेली, खाली हिरव्या षट्कोनी टाइलांवर सोनेरी रेघ. प्रकाश जाळीच्या खिडक्यांतून येतो, त्यामुळे ढग आला की खोली मिटल्यासारखी होते. दोन मिनिटं थांबा, परत उजळते.

शिरीन बिकाच्या वरच्या अंगाला उघड्या कमानींचा अष्टकोनी मकबरा आहे. बहुतेक जण तो फोटोतली चौकट म्हणून वापरतात. कमानींच्या आतल्या बाजूची रंगीत नक्षीही पाहा, मग हवा तर फोटो.

अमीरझादा (१३८६) आणि तुघलू तेकिन (१३७६) हे जिन्याच्या तोंडाशी समोरासमोर. अमीरझादाच्या कमानीवर बहुरंगी टाइल अगदी स्पष्ट दिसते. मघाचा सांध्याचा प्रश्न इथे पुन्हा विचारून पाहा.

जुनं आणि नवं कसं ओळखायचं? २००५ च्या सुमाराला इथे मोठी डागडुजी झाली. गळालेल्या जागी नव्या टाइल बसवल्या गेल्या आणि ती फार केली गेली अशी टीकाही झाली. टीकेत तथ्य आहे, पण त्यामुळे 'सगळं खोटं आहे' म्हणून पुढे सरकणंही चूकच. जुन्या टाइलचा निळा तुकड्यागणिक थोडा बदलतो, झिलईला बारीक जाळीदार तडे असतात, कडा झिजलेल्या असतात. नव्याचा रंग एकसारखा, चमक सपाट, सांधे सरळसोट. कमानीचा खालचा, हाताच्या उंचीचा भाग आणि वरचा भाग शेजारी ठेवून पाहिले की फरक लवकर दिसतो.

## टप्पा १० : उतरून खाली

जिना उतरताना पुन्हा मोजा. आकडा चुकला म्हणून गर्दीत परत वर चढू नका. ज्यांना पुन्हा मोजायचं असतं ते खाली बाजूला थांबून वाट मोकळी होऊ देतात.

जिन्याच्या बाजूला दोन निळ्या घुमटांचा मोठा मकबरा आहे. जुन्या पुस्तकांत आणि काही मार्गदर्शकांच्या तोंडी तो खगोलशास्त्रज्ञ काझीझादा रूमी यांचा म्हणून येतो. उत्खननात मात्र तिथे एका स्त्रीचे अवशेष मिळाले, त्यामुळे ते नाव आता धरत नाहीत. घुमटांचे गळे किती लांब आहेत ते खालच्या चौकातून नीट दिसतं. मग सकाळी सोडलेली मशीद, तिचे कोरीव लाकडी खांब आणि छत पाहा. इथे पंधरा मिनिटं पुरतात.

आणखी एक नेहमीचा गोंधळ : तैमूरची कबर इथे नाही. ती गूर-ए-अमीरला आहे, शहराच्या दुसऱ्या भागात, रेगिस्तानच्या पलीकडे. इथे आहेत ते त्याच्या घरातल्या बायका, भाची, बहिणी आणि सरदार. दोन्ही एकाच सकाळी उरकायचा बेत करू नका.

दुपारी परत यायचं असेल, आणि उजव्या-डाव्या उन्हाचा फरक पाहता तसं वाटणारच, तर बाहेर पडण्यापूर्वी खिडकीवर तिकीट दाखवून विचारा की त्याच तिकिटावर आत सोडतील का. मधला वेळ सियोब बाजारात जातो. जड समरकंदी नान आणि जर्दाळू घेऊन सावलीत बसा. साडेतीनला परत आलात की शिरीन बिकाच्या कमानीवर थेट ऊन असेल. या फेरीला चाळीस मिनिटं पुरे, कारण आता कुठे पाहायचं ते ठाऊक आहे.